प्लगिन अपडेट केलं आणि वाचनालयाची साइट झोपली, दिवाळी अंकांची नोंदणी अडकलीय

कळवेकरीण · शुक्रवार, रात्री ९:५२

नमस्कार. मी या क्षेत्रातली नाही, बँकेत नोकरी करते. प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

नौपाड्यात माझ्या मामांचं खासगी वाचनालय आहे. दरवर्षी दिवाळी अंकांची योजना असते. एकदा ९०० रुपये भरायचे आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत अंक आळीपाळीने घरी न्यायचे. जागा १५०च, कारण अंक तेवढ्यांनाच पुरतात. तीन वर्षांपूर्वी एका वाचकाच्या मुलाने वर्डप्रेसवर साइट करून दिली, वूकॉमर्स हे ऑनलाइन विक्रीचं प्लगिन (साइटला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) टाकून. नोंदणी तिथेच होते, पैसे यूपीआयने. यंदाची नोंदणी सोमवारी उघडली आणि काल रात्रीपर्यंत ६२ जण झाले होते.

आज संध्याकाळी डॅशबोर्ड उघडला तर प्लगिन्सपुढे लाल गोळ्यात ११. मला ते लाल गोळे बघवत नाहीत, मोबाइलवरही. सगळ्यांवर टिक करून अपडेट दाबलं. सात झाली, आठवं नुसतं फिरत राहिलं. पान रिफ्रेश केलं आणि संपलं. आता साइटवर क्रिटिकल एररची एक इंग्रजी ओळ दिसते. डॅशबोर्डकडे गेलं तर सांगतात, ॲडमिनच्या ईमेलचा इनबॉक्स बघा. इनबॉक्समध्ये काहीच नाही, स्पॅममध्येही नाही.

आठवं प्लगिन कॅशेचं (पानांच्या साठवलेल्या प्रती दाखवणारं) होतं. ते कसं काढू? डॅशबोर्डच उघडत नाही.

मामा शांत आहेत. म्हणाले, "वही आहे ना." मलाच घाम फुटलाय.

उपवनचा_वारा · रात्री १०:०३

होस्टिंगचा बॅकअप असेल. सीपॅनेलमध्ये (होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये) जा, रिस्टोअर दाबा, पाच मिनिटांचं काम. उगाच डोकं लावू नका.

जुना_खांब · रात्री १०:०९

ताई, रिस्टोअर दाबू नका. आधी एक सांगा, तो बॅकअप कधीचा आहे?

कळवेकरीण · रात्री १०:१७

सीपॅनेलचा पासवर्ड मामांच्या डायरीत सापडला, विमा पॉलिसीच्या नंबराखाली. बॅकअप दर रविवारी रात्री होतो असं दिसतंय.

जुना_खांब · रात्री १०:३१

म्हणजे नोंदणी उघडायच्या आदल्या रात्रीचा. वर्डप्रेसचे दोन भाग असतात. फाइली, म्हणजे प्लगिन, थीम (साइटचं रूप ठरवणारा भाग), फोटो. आणि डेटाबेस, म्हणजे तुमच्या ६२ नोंदण्या, नावं, पत्ते, कुणी पैसे भरले ते. बिघाड फाइलीत झालाय. पूर्ण रिस्टोअर केलंत तर डेटाबेसही रविवारवर जाईल आणि बासष्टच्या बासष्ट पुसल्या जातील. साइट मात्र छान उघडेल, आणि सगळं ठीक झालं म्हणून तुम्ही निवांत झोपाल.

वर सल्ला देणाऱ्या मित्राचा हेतू चांगला आहे, पण तो सल्ला ब्लॉगसाठी ठीक. जिथे रोज नवी नोंद पडते तिथे बॅकअप हा शेवटचा उपाय.

आता प्लगिनचं. आठवं फिरत राहिलं म्हणून आठवं दोषी, असं नसतं. ही अपडेट्स एकामागून एक होतात आणि प्रत्येकीसाठी साइट आतून नव्याने चालू होते. सातव्याची नवी फाइल जागेवर बसली, आठव्याची पाळी आली तेव्हा साइट उठायला गेली आणि सातव्यावर अडखळून पडली. आठव्याला कुणी हातही लावला नसेल. दार अडवून उभा कोण, ते बघा. बाहेर राहिला कोण ते नको.

सातवं कुठलं होतं?

कळवेकरीण · रात्री १०:३८

यादी वर्णक्रमाने होती, त्यावरून आठवलं. सातवं पावतीचं. नोंदणी झाली की सदस्याला पीडीएफ पावती पाठवतं. विकत घेतलेलं आहे. नाव इथे लिहीत नाही, उगाच वाद नकोत.

उपवनचा_वारा · रात्री १०:४४

मान्य, डेटाबेसचं माझ्या लक्षात आलं नाही. माझी साइट फोटोंची आहे, तिथे काही येत-जात नाही.

पण मग प्लगिन्सच्या आख्ख्या फोल्डरचं नाव बदललं तर? मी तेच करतो. साइट उघडते.

जुना_खांब · रात्री १०:५८

उघडते. पण मग ताईंना सगळी प्लगिनं एकेक करून परत चालू करत बसावं लागेल. आणि मधल्या वेळात वूकॉमर्सही बंद, म्हणजे नोंदणीच्या पानावर आलेल्या माणसाला अर्धवट कोड दिसणार. दोषी कोण ते अजिबात कळत नसेल तेव्हा तो मार्ग. इथे एकावर संशय आहे. आधी पुरावा बघू.

ताई, सीपॅनेलच्या फाइल मॅनेजरमध्ये जा. पब्लिक एचटीएमएल नावाचं फोल्डर उघडा. तिथे एरर लॉग नावाची फाइल बऱ्याच होस्टिंगवर आपोआप बनते. तिच्या अगदी तळाची ओळ इथे टाका. घाईने वरची टाकू नका, वर जुनी रड असते.

कळवेकरीण · रात्री ११:२०

सापडली. फाइल एवढी मोठी की मोबाइल गरम झाला. तळाची ओळ (इंग्रजीतली, मी जमेल तशी उतरवतेय):

पीएचपी पार्स एरर: सिंटॅक्स एरर, अनएक्स्पेक्टेड '->' (टी ऑब्जेक्ट ऑपरेटर, म्हणजे बाणाचं चिन्ह), आणि पुढे पावतीच्या प्लगिनच्या फोल्डरचा पत्ता, ओळ ११८.

तुम्ही म्हणालात तेच निघालं.

सर्व्हर_ऐरोली · रात्री ११:२६

झोपायला चाललो होतो, पण ही ओळ बघून थांबलो. तुमच्या होस्टिंगवर पीएचपी (वर्डप्रेस आणि त्याची प्लगिनं ज्या भाषेत लिहितात ती) ७.४ आहे, बरोबर?

त्या ११८व्या ओळीवर बाणाच्या आधी प्रश्नचिन्ह असणार. प्रश्नचिन्ह-बाण ही जोडी पीएचपी ८.० मध्ये आली, नोव्हेंबर २०२० मध्ये. अर्थ असा की "वस्तू असेल तर पुढे जा, नसेल तर गप्प बस". ७.४ ला ती जोडी माहीतच नाही. त्याने प्रश्नचिन्ह वाचलं, पुढे बाण दिसला आणि म्हणाला, हा इथे कशाला? प्लगिनवाल्यांनी नवी आवृत्ती ८ साठी लिहिली. त्यांचं चुकलं नाही, तुमचंही नाही.

आता करायचं एवढंच: डब्ल्यूपी-कंटेंट, त्यात प्लगिन्स, त्यात पावतीच्या प्लगिनचं फोल्डर. त्या एकाच फोल्डरचं नाव बदला, मागे "-बंद" जोडा. (इंग्रजी अक्षरांत हो, देवनागरीत नको!) डिलीट करू नका. काही प्लगिनं डॅशबोर्डवरून डिलीट केली की आपली सेटिंग्जही घेऊन जातात.

कळवेकरीण · रात्री ११:३५

उघडली!!!!

६२ च्या ६२ आहेत. मी मोजल्या. दोनदा.

मामी_नाही_मावशी · रात्री ११:४१

मी मगासपासून नुसती वाचतेय. सुस्कारा माझाही सुटला. आम्ही सीवूड्सला राहतो. योजना नौपाड्यातूनच न्यावी लागते की नवी मुंबईत कुठे मिळेल?

कळवेकरीण · शनिवार, सकाळी ८:१५

मावशी, नौपाड्यातूनच. पण ठाणे स्टेशनपासून पायी जाता येतं, आणि शनिवारी मामा रात्री ९ पर्यंत असतात.

झोप झाल्यावर दोन प्रश्न. एक, तो ईमेल आला का नाही? दोन, चालणार नव्हतं तर वर्डप्रेसने आधीच अडवायला नको होतं का?

सर्व्हर_ऐरोली · शनिवार, सकाळी १०:०२

ईमेल आला असणार, पण तुम्हाला नाही. डॅशबोर्ड, सेटिंग्ज, जनरल. तिथे ॲडमिनचा पत्ता कुणाचा आहे ते बघा. २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून वर्डप्रेस असा फटका बसला की त्या पत्त्यावर एक खास लिंक पाठवतं. तिच्यावरून आत गेलं की बिघडलेलं प्लगिन फक्त तुमच्यापुरतं थांबलेलं असतं, म्हणजे डॅशबोर्ड उघडतो आणि ते बंद करता येतं. काल ती लिंक हातात असती तर दहा मिनिटांत काम झालं असतं.

कळवेकरीण · शनिवार, सकाळी १०:२०

साइट बनवणाऱ्या मुलाचा कॉलेजचा ईमेल आहे. तो आता जर्मनीत असतो, आणि कॉलेजने तो पत्ता कधीच बंद केला असेल. म्हणजे तीन वर्षं आमची साइट कुणाच्या तरी बंद दाराखालून चिठ्ठ्या सरकवत होती.

बदलला. आता माझा आहे.

आणि मामांच्या लॉगिनचा पासवर्डही बदलला. काय होता ते सांगत नाही, पण मराठीतला पहिला दिवाळी अंक कुठल्या साली आणि कुणी काढला हे माहीत असलेल्या कुणालाही तो ओळखता आला असता.

मामी_नाही_मावशी · शनिवार, सकाळी १०:२४

१९०९, का. र. मित्र. 🙂

कळवेकरीण · शनिवार, सकाळी १०:२५

मावशी, म्हणूनच बदलला.

जुना_खांब · शनिवार, सकाळी ११:१०

दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. वर्डप्रेस अडवतं, पण प्लगिनने आपल्या कपाळावर लिहिलेलं असेल तर. प्लगिनच्या मुख्य फाइलीत सुरुवातीला एक ओळ असते, "किमान पीएचपी अमुक". ती असली की वर्डप्रेस तुमची आवृत्ती तपासतं आणि अपडेट होऊ देत नाही. तुमच्या पावतीवाल्यांनी ती लिहिलेली नसणार. विकतची प्लगिनं वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहातून येत नाहीत, स्वतःच्या सर्व्हरवरून येतात, त्यामुळे तिथे हे राहून जातं.

आणखी एक गंमत आहे. २०२४ च्या ६.६ आवृत्तीपासून आपोआप होणाऱ्या प्लगिन अपडेटनंतर वर्डप्रेस साइट उठते का ते बघतं, आणि नाही उठली तर जुनी आवृत्ती परत ठेवतं. हाताने बटण दाबून केलेल्या अपडेटला ही सोय नाही. तिथे फाइली नीट उतरल्या नाहीत तरच माघार. फाइली उतरल्या आणि साइट कोसळली तर तुमचं तुम्ही बघा. म्हणजे काल ताई काहीच न करता टीव्ही बघत बसल्या असत्या आणि ऑटो-अपडेट चालू असतं, तर कदाचित धागाच निघाला नसता.

उपवनचा_वारा · शनिवार, सकाळी ११:३१

हे वाचून माझ्या आळसाला तात्त्विक बैठक मिळाली.

नेरूळ_पूर्व · शनिवार, दुपारी २:४५

ताई, एक महत्त्वाचं. साइट उठली म्हणून ७.४ वरच राहू नका. ७.४ च्या सुरक्षा-दुरुस्त्या नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबल्यात. आज पावतीचं प्लगिन गेलं, उद्या वूकॉमर्स हेच म्हणेल. ८.२ घ्या, त्याला डिसेंबर २०२६ पर्यंत दुरुस्त्या आहेत. ८.३ असेल तर अजून बरं.

पण सीपॅनेलमध्ये जाऊन थेट आवृत्ती बदलू नका! साइटची एक प्रत सबडोमेनवर (साइटच्याच नावाखालच्या वेगळ्या पत्त्यावर) करा आणि प्रयोग तिच्यावर. बऱ्याच होस्टिंगवर सीपॅनेलमधून प्रत्येक सबडोमेनला वेगळी पीएचपी देता येते. मी या चुकीची किंमत भरलेली आहे म्हणून सांगते: प्रत केल्याबरोबर आधी तिच्यातून ईमेल जाणं आणि पैसे घेणं बंद करा. प्रतीला आपण प्रत आहोत हे माहीत नसतं. माझ्या प्रतीने एकदा अडीचशे लोकांना पहाटे "आपली ऑर्डर मिळाली" म्हणून मेल पाठवले होते. फोन सकाळी सातला सुरू झाले.

कळवेकरीण · शनिवार, संध्याकाळी ७:५०

प्रत केली (भाच्याने केली, मी शेजारी बसून ओरडत होते). मेल बंद, पैसे बंद. पीएचपी ८.२ केली. प्रत कोसळली.

यावेळी मी न सांगता लॉगच्या तळाची ओळ आणलीय: पीएचपी फेटल एरर, कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन, क्रिएट-फंक्शन. पत्ता थीमच्या फोल्डरातला, फंक्शन्स डॉट पीएचपी, ओळ ६४.

सर्व्हर_ऐरोली · शनिवार, रात्री ८:०५

शाब्बास. हे उलटं दुखणं. प्लगिन नव्या भाषेत बोलत होतं आणि सर्व्हर जुना होता. आता सर्व्हर नवा झाला आणि थीम जुन्या भाषेत बोलतेय. क्रिएट-फंक्शन ही सोय ७.२ पासून "वापरू नका" यादीत होती, ८.० ला काढूनच टाकली. ६४व्या ओळीवर विजेटची (साइटच्या कडेला दिसणाऱ्या चौकटीची) नोंदणी असणार, ९० टक्के जुन्या थीममध्ये तिथेच असते.

ती ओळ जशीच्या तशी मला खासगी निरोपात पाठवा. क्रिएट-फंक्शनच्या कंसात अवतरणचिन्हांत जो मजकूर आहे, तो अवतरणं काढून साध्या निनावी फंक्शनच्या महिरपी कंसात ठेवायचा, एवढाच बदल. इथे देवनागरीत कोड लिहिला तर कुणीतरी तसाच चिकटवेल आणि मला शिव्या घालेल.

कळवेकरीण · शनिवार, रात्री ९:३३

ओळ बदलली, प्रत उठली. पावतीच्या प्लगिनचं नाव पूर्ववत केलं, तेही चाललं. खोटी नोंदणी करून खोटी पावती काढली, त्यावर मामांची सही बरोबर जागी आली.

खरी साइट रविवारी पहाटे बदलते, तेव्हा कुणी नसतं.

नेरूळ_पूर्व · शनिवार, रात्री ९:४०

बदलायच्या आधी डेटाबेसची ताजी प्रत उतरवून घ्या. रविवारची नको, त्या मिनिटाची. आणि थीमची ती ओळ आधी बदला, पीएचपी नंतर. बदललेली ओळ ७.४ वरही चालते. उलट क्रमाने केलंत तर मधली पाच मिनिटं साइट पडलेली असेल.

कळवेकरीण · रविवार, सकाळी ११:०५

पहाटे ५:४० ला झालं. काही पडलं नाही. चहा केला.

आणि आत्ता एक नवीनच. घोडबंदर रोडवरून एका वाचकाचा मामांना फोन आला. शुक्रवारी संध्याकाळी पैसे कापले गेले, पावती आली नाही. मी बघितलं तर त्यांची ऑर्डर साइटवर रद्द दिसतेय! मी तर रद्द केली नाही.

जुना_खांब · रविवार, सकाळी ११:२२

वेळ बघा. तुम्ही बटण दाबलंत तेव्हा ते गृहस्थ पैसे भरायच्या पानावर असणार. ते पान गेटवेचं (पैसे घेऊन तुम्हाला कळवणाऱ्या सेवेचं), तुमच्या साइटवरचं नव्हे, त्यामुळे ते चालू होतं. पैसे गेले. "पैसे आले" हा निरोप द्यायला गेटवे तुमच्या साइटकडे आला तर साइट आडवी. ऑर्डर "पेमेंट बाकी" अशीच राहिली.

आता वूकॉमर्सचं शिस्तप्रिय डोकं. तुमच्याकडे जागा मर्यादित म्हणून स्टॉकची मोजणी चालू आहे ना, १५०? मग न भरलेली ऑर्डर ते ठरावीक वेळ धरून ठेवतं, मुळात ६० मिनिटं, आणि मग जागा मोकळी व्हावी म्हणून रद्द करतं. साइट बंद असताना हे काम चालत नाही, कारण ते पानं उघडण्यावर अवलंबून असतं. म्हणजे शुक्रवारी रात्री तुमची साइट शुद्धीवर आली, डोळे उघडले, आणि पहिलं काम काय केलं तर त्या बिचाऱ्याची ऑर्डर रद्द केली.

गेटवेच्या डॅशबोर्डवर शुक्रवार संध्याकाळचे जमा व्यवहार आणि साइटवरच्या ऑर्डरी ताडून बघा. जिथे पैसे आहेत आणि ऑर्डर रद्द किंवा बाकी आहे, ती हाताने "प्रोसेसिंग" करा. त्याने पावतीही जाईल आणि स्टॉकमधून एक जागाही कमी होईल. बँकेत आहात, ताळमेळ तुम्हाला शिकवायला नको.

कळवेकरीण · रविवार, दुपारी १:१८

तीन निघाल्या. घोडबंदरचे काका, एक वर्तकनगरच्या बाई आणि एक वाशीचा मुलगा. त्या दोघांनी तक्रारही केली नव्हती, दिवाळीला येऊन रिकाम्या हाताने गेले असते. तिघांनाही पावत्या गेल्या.

आणि एक कबुली. या तिघांपैकी दोघांची नावं मामांच्या वहीत होती. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी फोन करून विचारलं होतं, पैसे ऑनलाइन भरतोय, चालेल ना. मामांनी तेव्हाच पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं.

उपवनचा_वारा · रविवार, दुपारी १:२५

तो खरा बॅकअप. रिस्टोअरला पाच मिनिटं. 🙏

पाचपाखाडी_७ · सोमवार, सकाळी ९:४८

धागा सापडला म्हणून इथेच विचारतो. माझी साइट काल अपडेट करताना लाइट गेली. तेव्हापासून एकच ओळ: नियोजित देखभालीसाठी थोडा वेळ बंद, एका मिनिटात परत या. एक मिनिट होऊन बारा तास झाले.

जुना_खांब · सोमवार, सकाळी ९:५५

अपडेट सुरू होताना वर्डप्रेस दारावर पाटी लावतं आणि संपल्यावर काढतं. मध्येच थांबलं तर पाटी तशीच राहते. पब्लिक एचटीएमएलमध्ये मेंटेनन्स नावाची फाइल असेल, नावाच्या आधी टिंब. फाइल मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये "लपवलेल्या फाइली दाखवा" करा, तेव्हाच दिसेल. तेवढी उडवा. पण खरं तर ती पाटी १० मिनिटांनी जुनी झाली की वर्डप्रेस स्वतःच तिच्याकडे दुर्लक्ष करतं. बारा तासांनीही दिसत असेल तर कॅशे पण रिकामा करा, बहुधा तुम्ही जुनंच पान बघताय.

पाचपाखाडी_७ · सोमवार, सकाळी १०:०७

फाइल होती, उडवली. तरी तेच दिसत होतं. कॅशे रिकामा केला, उघडली.

ते प्लगिन मात्र यादीतून गायब आहे.

जुना_खांब · सोमवार, सकाळी १०:१२

अर्धवट उतरलं असेल. परत टाका, सेटिंग्ज डेटाबेसमध्ये आहेत, ती येतील. नाही आली तर नवा धागा काढा आणि लॉगच्या तळाची ओळ घेऊन या.